एक रुपयाचं इंजिन

“हळू, हळू! चाक खांबाला लागंल! आवर रं बैलांना!”

तुळशीरामशेठच्या पनवेलच्या भातगिरणीच्या फाटकातून एकामागून एक चार बैलगाड्या आत शिरल्या, तेव्हा शेठ गादीवर पान जुळवत बसले होते. हंगाम अजून लागायचा होता, त्यामुळे एवढ्या गाड्या कशाच्या, हे त्यांना कळेना. गाड्यांत पोतीही नव्हती. गाड्या रिकाम्या होत्या आणि त्यांच्यामागून जवळच्या कोन या गावातली निम्मी माणसं चालत आली होती. बायका, म्हातारे, शिवाय एक ढोलकीवाला. सगळ्यांच्या पुढे गिरणीचा इंजिनवाला काशीराम. धुतलेला सदरा, नवी टोपी, कपाळाला गुलाल.

“काय रे काशीराम, कुणाचं लग्न?” शेठ ओट्यावर येत म्हणाले.

“लगीन नाय शेठ. इंजिन न्यायला आलोय.”

“कुठलं इंजिन?”

“आपलंच. म्हंजे आता माजं. दसऱ्याला नाय का घेतलं मी तुमच्याकडून? पाच मानसांसमोर रुपया दिला.”

शेठच्या हातातलं पान हातातच राहिलं.

झालं होतं ते असं. चौतीस साली शेठनी विलायती इंजिन आणलं, तेव्हा पनवेलच्या बंदरावर ते उतरवून घ्यायला जे लोक लागले त्यांत मिठागरावरचा काशीराम होता. बाकीचे मजुरी घेऊन घरी गेले. काशीराम राहिला. इंजिन बसवायला आलेल्या पारशी मिस्त्रीच्या मागे मागे फिरून त्याने दिव्याने इंजिनाचं डोकं कसं तापवायचं, चाकाला झोका कसा द्यायचा, कुठल्या आवाजाला तेल आणि कुठल्या आवाजाला पाणी, हे सगळं शिकून घेतलं आणि मिस्त्री गेला त्या दिवशी इंजिन त्याच्या ताब्यात आलं. तेव्हापासून आज अठ्ठावन्न सालापर्यंत दुसऱ्या कुणी त्या चाकाला हात लावला नव्हता. लावू दिला असता तर ना.

शेठचा हात मात्र आखडता. काशीराम पट्टा मागायला गेला की शेठ म्हणायचे, “अरे, वहीत किंमत एक रुपया उरलीय तुझ्या इंजिनाची. एक रुपयाच्या वस्तूला चाळीस रुपयांचा पट्टा घालू?” वायसर मागितला, तेच. छपराचा पत्रा मागितला, तेच. चार वर्षं हे चाललं होतं. शेठना हा विनोद इतका आवडायचा की पाहुण्यांनाही इंजिन दाखवताना ते तोच सांगायचे. मग काशीराम चामड्याचे तुकडे शिवून पट्टा जोडायचा, पुठ्ठा कापून वायसर करायचा आणि इंजिन पुन्हा तुकतुक करायला लागायचं.

यंदा गिरणीत विजेची मोटार आली. दसऱ्याला इंजिनाची शेवटची पूजा झाली. काशीरामने झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि इंजिनाच्या पाठीवर एक बंदा रुपया ठेवून म्हणाला, “शेठ, वहीतली किंमत ठेवली. इंजिन मना द्या.” शेठ खदखदून हसले. रुपया उचलून म्हणाले, “घे, दिलं!” पाच माणसांनी ऐकलं. आता कोनसारख्या गावात पाच माणसांसमोर इसार दिला-घेतला की बैलसुद्धा गोठा बदलतो. तिथे कागद कुणी मागत नाही. शेठना वाटलं, थट्टा झाली. काशीरामला वाटलं, सौदा झाला. त्याने घराशेजारी शेड घातली, गावाला सांगितलं की आता भात भरडायला पनवेलला पायपीट करायला नको, आणि गाव आनंदाने वेडं झालं.

“अरे, पण ते मी गनीभाईंना विकलंय!” शेठ ओरडले. “आज त्यांची लॉरी आलीय!”

गनीभाई कुर्ल्याचे भंगारवाले. इंजिनघराच्या सावलीत ते विडी ओढत बसलेच होते. ते नुसते हसले आणि म्हणाले, “जबान आपली झाली आहे शेठ. तेराशे नक्की.”

“तेराशे?” काशीरामने विचारलं. “एक रुपयाच्या वस्तूचे तेराशे?”

ढोलकी थांबली. शेठनी आत तोंड करून हाक मारली, “गर्शोमभाऊ! बाहेर या हो! सांगा या माणसाला!”

गर्शोम पेझारकर गिरणीचे हिशेबनीस. अंगाने काटकुळे, नाकावर चष्मा, स्वभाव तापट. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत ते लेखणीला हात लावत नसत. त्यामुळे शुक्रवारी दुपारी त्यांना कुणी अडवलं की त्यांचं डोकं फिरायचं. आज नेमका शुक्रवार होता, म्हणून ते वैतागूनच बाहेर आले. पण “वहीत एक रुपया म्हंजे काय, भाऊसाहेब?” असं काशीरामने विचारलं आणि समोर साठ-सत्तर माणसं कान देऊन उभी आहेत हे त्यांनी पाहिलं, तेव्हा त्यांचा चेहराच बदलला. पंचवीस वर्षं ते घसारा हा शब्द लिहीत आले होते. तो काय असतो, असं आजवर त्यांना एकाही माणसाने विचारलं नव्हतं. शेठ तर तो शब्द आला की जांभई द्यायचे.

“बसा,” ते म्हणाले. “सगळे बसा.”

भात वाळवायच्या खळ्यावर गाव बसलं.

“इंजिन चार हजाराला आलं. बरोबर? समजा, चारही हजार मी पहिल्याच वर्षी खर्चात टाकले. काय होईल? त्या वर्षी गिरणी बुडाली असं दिसेल. आणि पुढची एकोणीस वर्षं इंजिन फुकट पळतंय असं दिसेल. दोन्ही खोटं! इंजिन वीस वर्षं चालेल असा मी अंदाज धरला आणि चार हजारांचे वीस वाटे केले. दर वर्षी दोनशे रुपये इंजिन झिजलं. त्या झिजेला म्हणायचं घसारा.”

“लुगड्यासारखं,” बायकांतून आवाज आला. काशीरामची बायको रंभा. “दोन वर्सं टिकनार, तं निम्मं या वर्साचं, निम्मं फुडल्या.”

“बरोब्बर!” गर्शोमभाऊ जवळजवळ उडालेच. “अगदी बरोब्बर! आणि तिसऱ्या वर्षी लुगडं फाटलं नाही तर?”

“तं नेसायचं. फेकतंय कोन?”

“पण हिशेबात त्याचं काही उरलं का? नाही उरलं. तरी मी एक रुपया ठेवतो. वस्तू अजून जागेवर आहे, एवढं वहीला आठवावं म्हणून. तसाच हा रुपया.”

गावाने माना डोलावल्या. एका म्हाताऱ्याने मिठागराच्या बांधाला घसारा किती, असंही विचारलं. बांध दर वर्षी नव्याने घालतात, मग त्याचं काय, हा त्याचा मुद्दा चांगलाच होता आणि गर्शोमभाऊ हर्षाने त्याला उत्तर द्यायच्या बेतात होते. पण काशीराम उभाच होता.

“म्हंजे रुपया ही किंमत न्हवं,” तो म्हणाला.

“नव्हे, काशीराम. ती खूण.”

“आनि दसऱ्याचा माजा रुपया?”

“तो पूजेचा समजून मी धर्मादाय खात्यात जमा केला.”

कुणीतरी फिसकन हसलं. काशीरामने टोपी काढली आणि हातात फिरवत राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. साऱ्या गावाला वाजतगाजत घेऊन यावं आणि साऱ्या गावादेखत वेडं ठरावं! मागच्या गाडीवाल्याने गुपचूप बैल वळवायला घेतले. ते पाहून काशीरामने मान खाली घातली. गर्शोमभाऊंनाही आता आपला उत्साह जड जायला लागला. ते चष्मा पुसू लागले.

“चला, झालं समाधान?” शेठ म्हणाले. “गनीभाई, घ्या माणसं कामाला.”

“थांबा वायच.” रंभा उठली. पदर खोचून ती सरळ गर्शोमभाऊंसमोर आली. “इंजिनाचं समजलं. पन त्याच्याबरोबर ह्यांनी बी चोवीस वर्सं काम केलं. हे बी झिजले. वहीत ह्यांची काय किंमत धरलीय? ह्यांचा बी एक रुपया?”

शेठना अचानक खोकला आला. मोटार आल्यावर काशीरामचं काय, हा विषय गर्शोमभाऊंनी त्यांच्याजवळ तीनदा काढला होता आणि तीनदा शेठ म्हणाले होते, दिवाळीनंतर बघू. गर्शोमभाऊ एरवी मालकाची गोष्ट चारचौघांत बोलणारे नव्हते. पण आज गाडी उताराला लागली होती आणि समोरून प्रश्न सरळ आला होता.

“नाही बाई,” ते म्हणाले. “वस्तूंच्या बाजूला माणूस लिहीत नाहीत. काशीरामचं नाव दुसऱ्या बाजूला आहे. देण्याच्या.”

“देन्याच्या म्हंजे?”

“गिरणीने काशीरामला द्यायचे पैसे. कामावरून कमी केलं की भरलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यायचा, असा सरकारचा कायदा आहे. चोवीस वर्षं झाली. शिवाय नोटिशीचा महिना. शिवाय पगारी रजा. यांनी कधी घेतलीच नाही, ती साठलीय. या महिन्याची हजेरी वेगळी. सगळं मिळून...” त्यांनी शेठकडे पाहिलं, पण आता थांबणं त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. “सगळं मिळून तेराशेच्या घरात जातं.”

खळ्यावर असा गलका उठला की बैल बिचकले.

“भाऊसाहेब!” शेठ ओट्यावरून खाली आले. संतापले की त्यांचं पनवेलचं मराठी गळून पडायचं आणि लहानपणची मिठागरावरची बोली बाहेर यायची. “तुमी माजं मीठ खाता का याचं? चोवीस वर्सं पोसला मी याला! आनि तेराशे कनाचं?”

“मी तुमचंच मीठ खातो शेठ, म्हणून सांगतोय,” गर्शोमभाऊही लाल झाले. “भंगाराचे तेराशे तुम्हाला आजच आठवले. या तेराशेंची मी तुम्हाला दिवाळीपासून आठवण करून देतोय, गेल्या दिवाळीपासून! देण्याकडे बघितलं नाही म्हणून ते फिटत नाही. मी खोटा ताळेबंद करणार नाही. दुसरा हिशेबनीस बघा!”

असं म्हणून ते स्वतःच दचकले. त्यांच्या घरात खाणारी सहा तोंडं होती.

काशीराम या सगळ्यात कुठेच नव्हता. तो ओठ हलवत काहीतरी जुळवत होता. मग त्याने एकदम टोपी डोक्यावर घातली.

“शेठ, इंजिनाचे तेराशे?”

“हो.”

“आनि माजे तेराशे?”

शेठनी गर्शोमभाऊंकडे डोळे वटारले.

“मंग भांडता कनाला? मना पैसे नको. इंजिन द्या. फिटंफाट.”

मग जो आरडाओरडा झाला तो बाजारपेठेपर्यंत ऐकू गेला असेल. ढोलकीवाल्याने थाप मारली. कुणी म्हणे, घे इंजिन. कुणी म्हणे, खुळा का तू, तेराशे रोकड आयुष्यात कुणी पाहिलेत? घराला कौलं येतील, शिवाय म्हैस येईल! कौलांचं नाव निघालं तसं काशीरामने रंभाकडे पाहिलं. पेंढ्याच्या गळक्या घरात तिने सगळे पावसाळे काढले होते आणि कौलं हवीत म्हणून दर वर्षी ती एकदा तरी रडली होती. काशीरामचा उत्साह जागच्या जागी विरला. हे पैसे एकट्याचे नव्हेत, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

“तू सांग,” तो म्हणाला.

रंभाने मान वळवली. इंजिनघराच्या दारातून ते अवजड काळं चाक दिसत होतं, झेंडूची सुकलेली माळ अजून त्याच्यावर होती. आयुष्यभर तिने त्या चाकाला सवत म्हटलं होतं. नवरा घरी आला तरी त्याच्या अंगाला वास चाकाचा.

“भाऊसाहेब,” तिने विचारलं, “ती नवी मोटार चालवायला ह्यांना ठेवनार हायत?”

“तिला माणूस लागत नाही बाई. बटण आहे.”

“मंग तेराशे रुपये मी डब्यात ठेवीन,” रंभा म्हणाली. “ह्यांना कुटं ठेवू? सा महिन्यांत मरतील ओट्यावर बसून. इंजिनच द्या.”

काशीराम भर खळ्यावर रडला. लाजला नाही, तोंड लपवलं नाही. शेठनाही काय झालं कोण जाणे. कदाचित हिशेब पटला असेल, कारण एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने देण्यापेक्षा हे सोपंच होतं. कदाचित गाव बघत होतं म्हणून. त्यांनी हात झटकला आणि म्हणाले, “जा, घेऊन जा! आनि तो जुना पट्टा पन ने. कुनाला पायजे ठिगळं लावलेला?”

गनीभाईंची लॉरी रिकामी जाणार होती. ते चिडतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते विडी विझवून उठले. “मी लोखंड घेतो, जिवंत जनावर घेत नाही,” ते म्हणाले. “साखळी-कप्पी माझ्याकडे आहे. या पोरांच्या हाताने चाक पडलं तर खुदा न करो, दोघं चिरडतील.” आणि बाह्या सरसावून ते स्वतःच आत शिरले.

आता घाई सुटली ती गर्शोमभाऊंना. सूर्य ताडांच्या शेंड्यांना टेकला होता. आज लिहिलं नाही तर परवापर्यंत शेठचं मन बदलायला पुष्कळ वेळ होता, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते आत पळाले. देण्यातून काशीरामचं नाव वजा, यंत्रांतून इंजिन वजा, तेराशेतून वहीतला रुपया जाऊन बाराशे नव्याण्णव रुपये नफा. नफा ऐकून शेठ जरा खुलले. पावती लिहिली, तिकीट लावलं, शेठची सही झाली. काशीरामने जिभेचं टोक बाहेर काढून एक एक अक्षर कोरायला घेतलं तेव्हा गर्शोमभाऊ खिडकीशी अक्षरशः येरझाऱ्या घालत होते. “लवकर रे बाबा, लवकर!”

सही झाली. त्यांनी टाक खाली ठेवला, छत्री उचलली आणि कुणाचा निरोप न घेता ते घराकडे चालू लागले. चालू कसले, धावतच गेले.

गाड्या निघाल्या तेव्हा अंधारून आलं होतं. इंजिनाच्या दोन बाजूंच्या दोन चाकांना एकेक गाडी, बैठकीला तिसरी, बाकी सुटा संसार चौथीत. गनीभाईंची लॉरी दिवे लावून मागून हळूहळू चालली होती, रस्ता दिसावा म्हणून. गावातल्या बायका गाणी म्हणत होत्या. काशीराम मात्र गाडीत बसला नाही. प्रत्येक खड्ड्याला तो पुढे धावे, चाकाला हात लावून बघे आणि पुन्हा मागे येई.

दिवाळीआधी कोनला इंजिन सुरू झालं. पहिल्या झोक्याला नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला त्याने धुराचा एक मोठा गोळा आभाळात सोडला आणि तुकतुकायला लागलं, तेव्हा गावातली कुत्री भुंकून भुंकून थकली. लोकांनी काशीरामला खांद्यावर घेतलं. पुढे हंगाम लागला आणि आसपासच्या वाड्यांवरून भात यायला लागलं. भरडाईचे पैसे रंभा घ्यायची आणि डब्यात टाकायची, कारण काशीरामचे हात नेहमी तेलाचे. मालक म्हणून काय करायचं असतं ते त्याला नीटसं माहीत नव्हतं. सकाळी भोंगा नव्हता तरी तो वेळेवर शेडमध्ये जायचा आणि जेवायला जाताना कुणाला तरी विचारून जावं असं त्याला वाटायचं.

महिना संपला त्या दिवशी संध्याकाळी इंजिन बंद करून त्याने घासलेटने हात धुतले, सदरा झटकला, केसांवरून पाणी फिरवलं. मग घरात जाण्याऐवजी तो शेडच्या दाराशी उभा राहिला. रंभाने जेवायला बोलावलं. तो हो म्हणाला आणि हलला नाही. तिने पुन्हा बोलावलं. “येतो,” म्हणाला. “काय झालं?” तर “काय नाय.” खरंच काही झालं नव्हतं. चोवीस वर्षं या दिवशी गिरणीच्या खिडकीतून त्याच्या नावाचा पुकारा व्हायचा, रांगेतून पुढे होऊन तो पगार घ्यायचा. पाय आपोआप थांबले होते.

रंभाने त्याच्याकडे बघितलं आणि ती आत गेली. डबा घेऊन आली. खिडकी नव्हती, म्हणून उंबऱ्यावर बसली. नोटा मोजून बाजूला काढल्या. तिच्या माहेरी, सासरी, तिच्या ओळखीच्या कुठल्याच घरात बाईने नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलेलं तिने ऐकलं नव्हतं. लग्नातल्या उखाण्यानंतर तिनेही घेतलं नव्हतं. तिने आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं, घसा साफ केला आणि मोठ्याने पुकारलं,

“काशीराम धाया भोईर!”

काशीराम दचकून वळला. मग सदऱ्याला हात पुसत तो पुढे झाला.